बसून करायचं काम



या अंकाच्या निमित्ताने मी खासगी रुग्णालयांत नोकरी करणाऱ्या काही परिचारिकांशी बोलले. त्यांतल्या बऱ्याचजणी दुसरेही काम करतात. कुणी संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढते, कुणी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रे तपासते, कुणी नर्सिंगच्या मुलींच्या शिकवण्या घेते. या दुसऱ्या कामाबद्दल बहुतेकींचे म्हणणे एकच : "ताई, त्याचं काय, ते बसून करायचं काम आहे."

वॉर्डातले काम उभ्याचे. रुग्णाला कुशीवर वळवायचे, वर सरकवायचे, स्ट्रेचरवरून खाटेवर घ्यायचे. नाइटला हाताशी मावशी नसली तर हे एकटीनेच. कूस वेळेवर बदलली नाही तर रुग्णाच्या पाठीला जखमा होतात, म्हणून टाळताही येत नाही. कंबर धरते, गुडघे बोलू लागतात. घरी ओटा वाट पाहत असतो, तोही उभ्यानेच.

अशा बाईला खुर्ची हवीशी वाटली तर नवल नाही. तिच्या निवडीला मी नावे ठेवणार नाही. पण हिशेब मांडून पाहू या. आठ तासांची ड्युटी, चार तासांचे बसून काम, दोन तासांचा प्रवास : चौदा तास झाले. उरलेल्या दहांत घर, मुले आणि झोप. हलके काम जड कामाच्या जागी आले तर शरीराला विसावा मिळतो. जड कामाच्या वर चढवले तर तेही ओझेच होते.

ते चढवावे लागते, कारण पगार पुरत नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या प्रश्नावर समिती नेमायला केंद्र सरकारला सांगितले. समितीची शिफारस अशी : २०० हून अधिक खाटा असल्यास राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, त्याहून लहान रुग्णालयातही महिना किमान २० हजार रुपये. 'लहान रुग्णालयाला परवडत नाही' या तक्रारीचा विचार या पायऱ्यांतच झालेला आहे. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांकडे गेली. केरळमध्ये परिचारिका संघटित होऊन लढल्या, तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारने किमान मूळ वेतन २० हजार ठरवणारी अधिसूचना काढली. जिथे याहून कमी पगार हातावर ठेवला जातो, तिथे परिचारिकेच्या संध्याकाळच्या श्रमांवर रुग्णालयाचा खर्च वाचतो आहे.

दुसरा प्रश्न दुखावलेल्या पाठीचा. वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई उचल-ठेव जमेना म्हणून बाहेर पडते, तेव्हा तिचे ज्ञानही बाहेर जाते. बसून करायची कामे रुग्णालयातही असतात : घरी जाणाऱ्या रुग्णाला समजावून सांगणे, नोंदी तपासणे, नव्या मुलींना शिकवणे. ती अशा बाईला पगार न कापता मिळायला हवीत. आणि पाठ दुखावण्याआधीच वॉर्डात पुरेसे हात व रुग्ण उचलण्याची साधने हवीत.

'सेवा' या शब्दाने बाईच्या श्रमांची किंमत फार काळ झाकली आहे. तिचे स्वयंपाकघर वाटून घ्यायला घरातले पुरुष पुढे आले नाहीत, तर वाढलेला पगारही तिला झोप देणार नाही.

तुमच्या रुग्णालयात खाटा किती, रात्री ड्युटीवर किती जणी आणि हातात पगार किती पडतो, एवढे तीन आकडे आपापसांत जमवा आणि आम्हांलाही कळवा. नावे छापली जाणार नाहीत. हे आकडे हाती असले की मागणी एकेकटीची राहत नाही.