घासाघीस नेमकी कुणाशी?

दिवाळी झाली की आमच्या माधवनगरात सहलींची बोलणी सुरू होतात. बचत गटाची सहल, भिशीची सहल, भावकीची सहल. पूर्वी पंढरपूर, तुळजापूर, फार तर महाबळेश्वर व्हायचं. आता बहुतेकींच्या तोंडी गोवा नाहीतर मालवण-तारकर्ली असतं. आणि का असू नये? वर्षभर रांधा, वाढा, उष्टी काढा केल्यावर चार दिवस समुद्राचा वारा खायचा आपल्यालाही हक्क आहेच.

पण परत आल्यावर ऐकू काय येतं? "समुद्र बघून मन भरलं हो, पण त्या विकणाऱ्यांनी नुसता पिच्छा पुरवला!" कुणी हातात माळ अडकवली, कुणी न विचारताच मेंदी काढायला घेतली, कुणी बोटीचं तिकीट गळ्यात मारलं. मग कुणी भिडेखातर नको ते घेऊन येते, तर कुणी वैतागून खेकसते. दोन्हीत सहलीची गोडी जाते.

मैत्रिणींनो, मला वाटतं आपला गोंधळ मुळातच होतो. किनाऱ्यावर भेटणारी सगळी माणसं आपण एकाच मापानं मोजतो. तिथं दोन तऱ्हेचे लोक असतात. एक वस्तू विकणारा आणि दुसरा भूल घालणारा. विकणाऱ्याचा माल तुमच्या डोळ्यांसमोर असतो. आवडला तर घ्या, नाहीतर पुढं चला. दलाल मात्र तुमच्या हातात काहीच ठेवत नाही. तो पैसे आधी घेतो आणि माल नंतर दाखवतो. गंमत अशी, की आपण घासाघीस करतो पहिल्याशी आणि विश्वास टाकतो दुसऱ्यावर.

कळंगुट, बागा, हणजूण या किनाऱ्यांवर मण्यांच्या माळा, पैंजण, आरशांच्या पिशव्या घेऊन फिरणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याचजणी लमाणी समाजाच्या, उत्तर कर्नाटकातून पोटासाठी आलेल्या. हा समाज आपल्याला परका नाही. आपल्याकडं ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत बंजारा कुटुंबं असतातच. रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोचवणारी हीच माणसं. 'लमाण' हा शब्द मिठाच्या 'लवण' वरून आला असंही सांगतात. एकेकाळी किनाऱ्यावरचं मीठ देशावर आणणाऱ्यांच्या लेकीसुना आता त्याच किनाऱ्यावर भर उन्हात वाळू तुडवत माळा विकतात.

म्हणून काय त्यांच्याकडून सगळं घ्यायचं का? मुळीच नाही. नको असेल तर नकोच. पण 'नको' कसं म्हणायचं, हे आपल्याला शिकवायला नको. दारावर बोहारीण येते, बाजारात माळवं घेताना दहाजणी हाका मारतात, तेव्हा आपण कुठं घाबरतो? तीच रीत इथं चालवायची. मान हलवून, न थांबता, एकदाच स्पष्ट म्हणायचं, "नको, ताई." गोव्यात कोकणीतून "नाका" म्हटलं तरी भागतं. घ्यायचं नसेल तर "केवढ्याला?" असं विचारायचंच नाही. बाजाराच्या भाषेत भाव विचारणं म्हणजे बोलणी सुरू करणं. आपण विचारतो गंमत म्हणून, आणि ती बिचारी भवानी होईल या आशेनं अर्धा किनारा मागं येते. मग आपणच म्हणतो, पिच्छा सोडत नाही!

हातात वस्तू घेऊ नका, अंगाला काही बांधू देऊ नका, मेंदी किंवा गोंदण काढायचं असेल तर पैसे आधी ठरवा. "आधी बघा, पैशाचं नंतर" असं कुणी म्हणालं की तिथंच हात मागं घ्या. घ्यायचं असेल तर मोकळेपणानं भाव करा, चांगलं निम्म्यानंही मागा, त्यात कमीपणा नाही. पण भाव तुटला की पैसे द्यायचे आणि वस्तू घ्यायची. ठरल्यावर पुन्हा दहा रुपये कापणं ही हुशारी नव्हे. आणि लहान मूल विकायला आलं, तर कळवळा येऊनही घेऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. आपण घेत राहिलो तर ते मूल शाळेत जाणार नाही. मूल एकटं किंवा अडचणीत दिसलं तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

आता दुसऱ्या तऱ्हेकडं वळू. हा माणूस नीटनेटका असतो, गोड बोलतो, "काकी, मावशी" म्हणतो. हातात रंगीत कागद असतात. पॅराग्लायडिंग, स्कूबा, डॉल्फिन दाखवणारी बोट, रात्रीच्या जहाजावरचं जेवण, भाड्याची स्कूटर, सगळं "एका पॅकेजात". मागं एका सहलीत आमच्या गटातल्या बायकांनी पैंजणाच्या जोडीसाठी वीस मिनिटं घासाघीस केली आणि तीस रुपये वाचवले. त्याच संध्याकाळी अशाच एका गोड बोलणाऱ्याला माणशी नऊशे रुपये मोजले. पावती नाही, बोटीचं नाव नाही. बोटीवर गेल्यावर कळलं की तिकीट खिडकीवर तेच तिकीट निम्म्यात मिळत होतं. तो माणूस अर्थातच पुन्हा दिसला नाही. पैंजणवाली मात्र दुसऱ्या दिवशीही तिथंच होती.

प्रश्न पैशांपुरता असता तर सोडून दिलं असतं. इथं जिवाशी गाठ असते. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. २५ डिसेंबर २०२४ ला, ऐन नाताळात, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला, वीसजणांना वाचवलं. १८ जानेवारी २०२५ ला गोव्यात केरीला पॅराग्लायडिंग करताना पुण्याची सत्तावीस वर्षांची मुलगी आणि तिला घेऊन उडणारा चालक, दोघंही दगावले. तो व्यवसाय बेकायदा चालत असल्याचं पोलिसांनी सांगितलं. या अपघातांमागं दलाल होते असं मी म्हणत नाही. पण वाटेत भेटलेल्या माणसाच्या शब्दावर बोटीत चढताना आपण काय काय विचारायला हवं, ते यावरून कळतं.

परवाना कुठं लावला आहे? बोटीत माणसं किती घेणार? लाइफ जॅकेट प्रत्येकीला मिळणार का, आणि पट्टे कोण बांधून देणार? पावती मिळणार का? हे चार प्रश्न मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जातील असे विचारा. तिकीट खिडकीवरच काढा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना जेट्टीवर चौकशी करून मगच बोटीत बसा. भाड्याची स्कूटर घेताना नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्यानं द्यायची परवानगी असलेली गाडी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, उद्या काही झालं तर विमाही हात वर करील. आणि कुणी अडवलं, धमकावलं, तर ११२ लावायला लाजू नका.

आता कायद्याबद्दल थोडं. गोव्यात पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे. २०२५ मध्ये तो कडक केला. किनाऱ्यावर गळ घालून विकणं, परवान्याशिवाय फेरी, ठरलेल्या जागेबाहेर बोटींची तिकिटं खपवणं, अशा उपद्रवाला पाच हजारांपासून एक लाखापर्यंत दंड आहे. पर्यटकांना त्रास होऊ नये, हे बरोबरच आहे. पण पाच हजार रुपये ही रक्कम कुणाला कशी लागते, याचा विचार करा. जहाजाची तिकिटं खपवणाऱ्याला तो एका दिवसाचा तोटा. माळावालीची मात्र अख्खी टोपली तेवढ्याची नसते.

दुसरीकडं फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यांची मोजणी करा, प्रमाणपत्र द्या, विकायला जागा ठरवून द्या, असं तो सांगतो. शहराच्या फेरीवाला समितीत चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांना, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायकांना आहेत. अहमदाबादला इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेनं माणेक चौकातल्या भाजीवाल्या बायकांसाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढत दिली, ती याच जागेसाठी. विकणारीला ठरलेली जागा आणि ओळखपत्र मिळालं, तर तिला कुणाच्या मागं धावावं लागणार नाही आणि आपल्यालाही निवांत बसता येईल. नुसती दंडाची पावती फाडून ती जाणार कुठं? पुढच्या किनाऱ्यावरच ना!

आणि हो, तो गोव्याचा कायदा आपल्यालाही लागू आहे बरं का. आपल्या ट्रॅव्हल्सच्या गाडीतून शेगडी, सिलिंडर, पिठाचे डबे जातात आणि कुठंतरी झाडाखाली स्वयंपाक मांडला जातो. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला, दारू प्यायला, कचरा आणि बाटल्या टाकायला तिथं बंदी आहे. उपद्रव काय तो फेरीवाल्यांचाच, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. सहलीआधी वर्गणी गोळा करायला बसाल, तेव्हा दहा मिनिटं यासाठीही काढा. बोटीचे आणि खेळांचे पैसे एकीच्याच हातात द्या. पावतीशिवाय तिनं एक रुपया सोडायचा नाही. बाकीच्यांनी आपापल्या खरेदीपुरते सुटे पैसे वेगळ्या बटव्यात ठेवायचे, म्हणजे किनाऱ्यावर पाचशेची नोट काढून सुट्ट्यासाठी अडून राहायला नको. घ्यायचं ते हसून घ्या, नको ते हसून नाकारा.

आणि घासाघीस करायची तुमची जी काही ताकद आहे ना, ती गोड बोलणाऱ्यासाठी राखून ठेवा. पाटी घेऊन अनवाणी चालणाऱ्या बाईशी दहा-वीस रुपयांवरून भांडण्यात ती खर्ची घालू नका.