बटणाला आकडे द्या

मानवतमध्ये माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. जुलै लागला की कपाशी-सोयाबीनवाल्यांचे फवारणीचे बॅटरी पंप रांगेनं येतात. बहुतेकांचं मागणं एकच, "भाऊ, प्रेशर वाढवून द्या."

मी आधी रेग्युलेटरचं बटण बघतो. ते टोकापर्यंत फिरवलेलं असतं. आतली मोटार १२ व्होल्टची, डीसी. चांगला रेग्युलेटर तिचा पुरवठा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वाटा वाढला की वेग वाढतो. वेगाबरोबर दाब वाढतो आणि थेंब बारीक होतात. कीटकनाशकाला बारीक थेंब एकवेळ चालतील. तणनाशकाला मात्र वेग कमी आणि नोझल चपट्या फवाऱ्याचं हवं, नाहीतर वाऱ्यानं ते शेजाऱ्याच्या तुरीवर जातं. काही बहाद्दर तर दाब रोखणाऱ्या प्रेशर स्विचचा स्क्रूच आवळतात. मग नळी निसटते आणि औषध अंगावर. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तरी आपली हौस फिटत नाही.

औषध टाकण्याआधी साधं पाणी भरा. एक मिनिट मापात फवारा, किती लिटर पडलं ते बघा आणि बटणाशेजारी रंगानं खूण करा. नोझल बदललं की पुन्हा मोजा.

खरं तर हे काम कंपन्यांचं. बटणावर नुसतं 'कमी-जास्त' कशाला? मिनिटाला किती लिटर, ते मराठीत छापा. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्यानं खरीप मेळाव्यात एक तास या बटणासाठी ठेवावा.