निजामशाहीचा खेळ वारसांनी खेळलाच नाही

(थ्रेड)

१/ क्रुसेडर किंग्जसारख्या खेळात घराणे सांभाळताना सारी चिंता वारसाची असते. तो कर्तबगार निघावा, भावंडांनी वाटणी मागू नये. घराण्यात वारसच उरला नाही, की खेळ संपला. अहमदनगरच्या निजामशाहीचा इतिहास मात्र या नियमाने वाचू नये, असे माझे ठाम मत आहे.

२/ मलिक अहमदाने १४९० मध्ये स्वतंत्र सत्ता स्थापली आणि १४९४ मध्ये नगर वसवले. १५१० मध्ये त्याचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आला, तेव्हा तो अवघा सात वर्षांचा होता. तरीही राज्य टिकले, कारण मुकम्मलखान या वजिराने कारभार सांभाळला. म्हणजे वारस अज्ञान असणे हा मूळ रोग नव्हे.

३/ कर्ता वारस हा तरी उपाय होता का? १५८८ मध्ये मिरान हुसेनने बाप मुर्तझाला ठार केले. पुढल्याच वर्षी त्याचाही खून झाला. मग गादीवर बसवला गेला त्याचा अल्पवयीन चुलतभाऊ इस्माईल, आणि तोही स्वतःचा बाप बुऱ्हाण जिवंत असताना! सरदारांना राजा नको होता, राजाचे नाव हवे होते. १५९१ मध्ये बापाने मुलाच्या पक्षाचा पराभव करून गादी घेतली.

४/ १५९५ मध्ये इब्राहिम लढाईत पडला आणि एका गादीला चार दावेदार उभे राहिले. चांदबिबीने इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर याचा पक्ष घेतला. मियाँ मंजूने अहमदला, इखलासखानाने मोतीला, तर अभंगखानाने वयोवृद्ध शाह अलीला पुढे केले. वारसांचा दुष्काळ नव्हता, सुकाळ होता. या भांडणात मियाँ मंजूने मोगलांना बोलावले. वेढा चांदबिबीने परतवला, पण वऱ्हाड गेला.

५/ १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, नगरचा किल्ला पडला आणि बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. खेळाच्या नियमाप्रमाणे येथे पडदा पडायला हवा होता. पण गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या मलिक अंबरने शाह अलीच्या मुलाला परांड्यास गादीवर बसवले आणि त्या नावावर आपल्या मृत्यूपर्यंत, १६२६ पर्यंत, मोगलांशी झुंज दिली.

६/ १६३३ मध्ये दौलताबाद पडले. हुसेन नावाचा आणखी एक बालराजा ग्वाल्हेरला रवाना झाला. त्याच वर्षी शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालवले. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यानंतर तो मुलगा मोगलांच्या हाती गेला, तेव्हा निजामशाही संपली.

७/ एकाच बालवारसाभोवती सारे जमले तेव्हा राज्य तरले. चौघांनी चार वारस उभे केले तेव्हा ते फुटले. वारस तोच, फरक त्याच्या भोवतीच्या माणसांत. म्हणून सनावळीत अज्ञान राजाचे नाव दिसले, की त्याचे गुणदोष मोजू नका. शिक्का कोणाच्या हाती होता, ते विचारा.

८/ आणि एवढे विसरू नका: खेळात वारस ही एक सोंगटी असते. येथे ती खरी मुले होती. डाव इतरांनी मांडला. ग्वाल्हेरची कैद त्यांच्या वाट्याला आली.