एक कागद घरात ठेवा!

आपल्या कॉलेजात जीआरईवर सेमिनार होतो, व्हिसा इंटरव्ह्यूवर होतो, कॅम्पसला टाय कसा बांधावा यावरसुद्धा होतो. मागच्या सेमला आमच्या विंगमधल्या दोघांची एम.एस.ची आणि तिघांची गल्फला जायची तयारी चालली होती. रात्री मेसमधून आलं की पगाराचे आकडे निघायचे. डॉलर गुणिले इतके, दिरहम गुणिले इतके! एकदा मी सहज विचारलं, "तिकडे तुला काही झालं तर तुझ्या खात्यातले पैसे घरच्यांना कसे मिळणार?" सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "काय अभद्र बोलतोस रे!"

हे अभद्र आमच्या घरात घडून गेलंय, म्हणून लिहितोय.

माझे बाबा सतरा वर्षं दुबईत होते. एका कंपनीत मेंटेनन्स फोरमन. ऑगस्ट २०२३ मध्ये हार्ट अटॅकने गेले. मी नुकताच एस.ई.ला आलो होतो. त्यांचं गणपतीचं तिकीट काढलेलं होतं. ते आले, पण पेटीतून. त्या वर्षी आमच्याकडे गणपती आणला नाही.

बाबांचे रूममेट दापोलीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. वकिलातीत मृत्यूची नोंद, पासपोर्ट रद्द करणं, मृतदेह पाठवायची परवानगी, सगळी धावपळ त्यांनी केली. महिनाभराने बाबांची बॅग आली. त्यात कपडे, चष्मा, लॉक असलेला मोबाईल आणि एक एटीएम कार्ड. कार्डाचा पिन आईला ठाऊक होता. लगेच सल्ले सुरू झाले. "बँकेला कळवूच नका. कार्ड चाचांकडे परत पाठवा, मशीनमधून थोडे थोडे काढून घेतील."

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. फी भरायची होती. पण चाचा फोनवर म्हणाले, "वहिनी, माणूस गेल्यावर त्याच्या कार्डाने पैसे काढणं हा इथे गुन्हा आहे. मी आत जाईन." विषय संपला. बँकेला कळवलं आणि खातं गोठलं.

गोठलं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. तिथल्या बँक खात्याला आपल्यासारखा नॉमिनी लावून काम भागत नाही. जॉइंट खातं असलं तरी मेलेल्या माणसाचा हिस्सा अडकतोच. वारस कोण आणि कुणाचा वाटा किती, हे कोर्ट ठरवतं. मग कोर्टाच्या हुकमाने बँक पैसे सोडते. त्याआधी क्रेडिट कार्डाची बाकी, कर्जाचे हप्ते जे काही असेल ते वळतं होतं.

इकडे बाबांचं एनआरई खातं होतं. त्याला आई नॉमिनी. दाखला दिला, फॉर्म भरला, पंधरा दिवसांच्या आत पैसे मिळाले. एकाच माणसाची दोन देशांतली दोन खाती. एकाला पंधरा दिवस, दुसऱ्याला अकरा महिने!

अकरा महिने कशात गेले? कागदांत. तालुक्याच्या कोर्टातून वारस दाखला काढायचा. त्यासाठी पेपरात नोटीस, हरकतींची मुदत, मग तारीख. (हा दाखला आपल्याकडे अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. आपण शिकतो त्या थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियमही तेव्हा मांडला गेला नव्हता!) चाचांच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करायचं. मग दोन्ही कागदांवर शिक्के. मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, मुंबईतली यूएईची वकिलात, शेवटी तिथलं परराष्ट्र खातं. हे झालं की मान्यताप्राप्त दुभाष्याकडून अरबी भाषांतर. त्यात आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि बाबांच्या पासपोर्टवर दुसरं. एका अक्षरापायी ॲफिडेव्हिट आणि पुन्हा पहिल्यापासून शिक्के. जर्नल सर्टिफाय करून घेताना आपण किती चिडतो, आठवा. ही त्याची मोठी बहीण.

त्यात बाबांची नक्की किती खाती होती, हेच कुणाला माहीत नव्हतं. पगाराचं एक माहीत होतं. चाचांना अंधुक आठवत होतं की आणखी एका बँकेत ते भिशीचे पैसे ठेवायचे. मेसेज आणि ओटीपी सगळे त्या लॉक झालेल्या मोबाईलवर. एक सिस्टीम, एक ऑपरेटर आणि मॅन्युअल नाही. ऑपरेटर गेला की सिस्टीम बंद!

आता मुद्द्याचं. कर्ज वजा जाऊन दोन्ही खात्यांत मिळून ४८,००० दिरहम उरणार होते, म्हणजे साधारण अकरा लाख रुपये. ते वाटायचे कसे?

तिथे बिगरमुस्लिमांसाठी नवा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालाय. मृत्युपत्र नसेल तर अर्धी मालमत्ता बायकोला आणि उरलेली अर्धी मुलांना, मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे आईला २४,०००, ताईला १२,००० आणि मला १२,०००. आजीला शून्य! आपल्याकडचा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा घेतला तर बायको, मुलगा, मुलगी आणि आई, चौघांना सारखं. प्रत्येकी १२,०००. आपल्या देशाचा कायदा लावा, असं तिथे मागता येतं. पण त्यासाठी आपला कायदा भाषांतर करून कोर्टापुढे ठेवायचा, म्हणजे आणखी कागद, आणखी महिने.

मग घरात जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. कुणी म्हणालं, "म्हातारीला काय करायचेत पैसे?" कुणी म्हणालं, "मुलीचं लग्न झालंय, तिच्याकडून हक्कसोडपत्र घ्या." आजी काही बोलली नाही. फक्त दुपारची जेवायला यायची बंद झाली, 'भूक नाही' म्हणायची. ताईचे फोन कमी झाले. बाबा असते तर एका वाक्यात मिटवलं असतं. पण त्या वाक्यासाठीच तर ते नव्हते.

शेवटी आईने मिटवलं. ती म्हणाली, "तिकडचाच कायदा लागू दे, लवकर सुटेल. माझ्यातले बारा हजार आईंच्या नावावर ठेवते. आणि पोरीकडून सही मागायची नाही." हिशोब करून बघा. २४,००० मधले १२,००० आजीला दिले की चौघांना १२,०००! आठवी शिकलेल्या माझ्या आईने दोन देशांच्या कायद्यांचं उत्तर एकच आणून दिलं. जुलै २०२४ मध्ये पैसे आले. आजीच्या नावाची एफडी तालुक्याच्या बँकेत आहे. पावती ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवते.

हे सगळं ऐकल्यावर मित्र म्हणतात, "तिकडचे कायदेच जाचक!" आधी मीही असंच म्हणायचो. आता मला तसं वाटत नाही. खातं गोठलं नसतं तर काय झालं असतं? कार्ड ज्याच्या हातात, पैसे त्याचे. आमच्याकडे चाचांसारखा माणूस होता. सगळ्यांकडे असतो का? आणि घरातल्या ज्यांनी ताईची सही मागितली, त्यांच्या हातात ते कार्ड असतं तर? बँकेचं कुलूप मला सहा महिने शत्रू वाटत होतं. पण त्या कुलपानेच ताईचा वाटा राखला. अकरा महिने जरा जास्तच झाले, कबूल. पण त्यातले बरेच महिने आमच्या अज्ञानाचे होते आणि त्याचं कारण घरातली ती जुनी सवय. पैशाचं बोलायचं नाही, मरणाचं तर अजिबात नाही.

बाबा आम्हाला सगळं सांगायचे. तिथली उष्णता, कॅम्पमधलं जेवण, कुणाची नोकरी गेली, कुणाला लॉटरी लागली. खात्यांचं मात्र कधीच नाही. विचारलं असतं तर 'तुला काय करायचंय, अभ्यास कर' असं म्हणाले असते. सतरा वर्षांत त्यांनी एक पान लिहून ठेवलं असतं तरी पुरलं असतं. कोणत्या बँकेत काय, कर्ज किती, ग्रॅच्युइटी कुठल्या कंपनीकडून यायची, अडचणीत कुणाला फोन करायचा. पासवर्ड नको, पिन नको, फक्त यादी. आणि नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे बघून ठेवायचं.

जमत असेल तर मृत्युपत्र. दुबईत २०१५ पासून डीआयएफसीमध्ये बिगरमुस्लिमांना इंग्रजीत मृत्युपत्र नोंदवता येतं. ते केलेलं असतं तर आजीच्या वाट्याचा प्रश्न बाबांनीच सोडवला असता. अमेरिकेला जाणाऱ्यांचं काम आणखी सोपं आहे. तिथल्या बँक खात्याला 'पेएबल ऑन डेथ' म्हणून आईबाबांचं नाव लावता येतं, मग त्या खात्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून पैसे घेऊन वारसांना देणारा विश्वस्त, हेही घरी सांगा.

आणि हे फक्त बाबा लोकांसाठी आहे असं समजू नका. दोन वर्षांनी परदेशातलं ते खातं तुमच्या नावावर असेल आणि गावाकडे शिक्के मारत फिरणारी तुमची आई असेल.

आपण इंजिनिअर. साधा पंप बसवला तरी त्याचं ड्रॉइंग करतो, व्हॉल्व्ह कुठला बंद करायचा ते लिहून ठेवतो, कारण पंप कधीतरी बंद पडणार हे आपल्याला माहीत असतं. पंप बंद पडेल असं म्हणणं अभद्र नाही, मग हे अभद्र कसं?

पीएल लागली की घरी जाल. एका संध्याकाळी चहाच्या वेळी विषय काढा. पहिल्यांदा ओरडा बसेल, बसू द्या. दुसऱ्यांदा काढा. मी मागच्या दिवाळीत माझा कागद आईच्या हातात दिला. त्यात माझं एकच खातं आणि शैक्षणिक कर्ज, बाकी शून्य. आई म्हणाली, "यात आहेच काय?" तरी घडी घालून तिने तो आजीच्या एफडीच्या पावतीखाली ठेवला.

बघा, पटतंय का!

— बी.ई. (मेकॅनिकल)