कावीळ : तान्ह्यांची आणि थोरांची

घरांत कोणाचे डोळे पिवळे दिसूं लागले कीं वडील मंडळींना प्रथम काविळीची माळ आठवते. माळ लांबते तसतशी कावीळ उतरते, अशी समजूत आहे. वस्तुतः देठांचे ओले तुकडे सुकून आकसतात, गांठी सैल होतात, म्हणून माळ लांबते; निरोगी माणसाच्या गळ्यांतहि ती लांबेलच.

पिवळेपणा हें केवळ लक्षण आहे. त्यामागचीं कारणें अनेक. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवसांत जीर्ण होऊन मोडतात व त्यांतून बिलिरुबिन हें पिवळें द्रव्य निघतें. यकृत तें पित्तावाटे आंतड्यांत सोडतें. पेशी फार वेगानें मोडल्या, यकृत दुखावलें, किंवा खड्यानें पित्ताची वाट अडली, तर तें रक्तांत सांचतें. वाट अडली कीं मल पांढुरका होतो. चरकसंहितेंत तिळाच्या वाटणासारख्या मलाची जी कामला वर्णिली आहे, तिचें याच्याशीं साम्य उघड आहे. कारण निराळें तसा उपचारहि निराळा. म्हणून रक्ततपासणी आधीं.

नवजात अर्भकाचें यकृत अपक्व असतें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं येणारी कावीळ बहुधा दोन आठवड्यांच्या आंत ओसरते. आईचें दूध वरचेवर पाजावें. परंतु पहिल्या २४ तासांत दिसलेली, तळपायांपर्यंत उतरलेली, वा दोन आठवडे उलटूनहि टिकलेली कावीळ घरीं ठेवूं नये. मूल सुस्त असेल, पीत नसेल, किंवा त्याचा मल पांढुरका असेल, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. बिलिरुबिन फार वाढल्यास मेंदूस कायमची इजा होते. १९५८ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालेला प्रकाशोपचार आज सर्वत्र रूढ आहे. निळा प्रकाश बिलिरुबिनचें रूप पालटून तें शरीराबाहेर पडण्याजोगें करतो. खिडकींतलें कोवळें ऊन त्याची जागा घेत नाहीं.

डांबरगोळ्या घालून ट्रंकेंत जपलेलीं जुनीं झबलीं बाळास घालूं नयेत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या मुलाच्या रक्तपेशी त्या गोळ्यांच्या वाफेनें मोडतात. सिंधी, पारशी इत्यादि समाजांत ही उणीव तुलनेनें अधिक आढळते; १९४७ नंतर निर्वासितांच्या छावणींतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरांत हें विशेष ध्यानांत ठेवावें.

थोरांची कावीळ पुष्कळदां पाण्यांतून येते. १९५५-५६ सालीं दिल्लींत यमुनेच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून सुमारें २९,००० लोकांस कावीळ झाली. अंबरनाथच्या शिवालयाजवळून उल्हासनगराकडे वाहणाऱ्या वालधुनीची दशा आपण पाहतोंच. बदलापुरास उल्हास नदीचें पाणी शुद्ध होऊन निघालें, तरी वाटेंतील फुटक्या नळांत गटार झिरपलें कीं सारें व्यर्थ. नळाचें पाणी गढूळ आलें तर उकळूनच प्यावें. अशा पाण्यांतून येणारा ई विषाणू गर्भवतीस, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, प्राणघातक ठरूं शकतो. तिचे डोळे पिवळे दिसतांच एक दिवसहि दवडूं नये.

आजीबाईंच्या समाधानासाठीं माळ घातली तर घालावी; डाग देणें व नाकांत रस पिळणें मात्र निक्षून टाळावें, आणि माळेसाठीं तपासणी थांबवूं नये.