गांजा कायदेशीर करावा का? घरच्यांनी समजून घ्यायच्या काही गोष्टी

‘कॅनडात गांजा दुकानात मिळतो, मग तो वाईट कसा?’ कॉलेजात जाणारी मुलं हल्ली हा प्रश्न आई-वडिलांना विचारतात, आणि आई-वडील तो ओपीडीत घेऊन येतात. एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत. नशा करणाऱ्याला तुरुंगात टाकावं का, हा एक. नशेचा पदार्थ दुकानात विकू द्यावा का, हा दुसरा. माझं मत आधीच सांगतो: पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचंही ‘नाही’, निदान आपल्या राज्यात आणि आजच्या घडीला.

तुरुंगाऐवजी उपचार

पोर्तुगालचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण बहुतेक वेळा अर्धवट. तिथे १९९०च्या दशकात हेरॉईनने हाहाकार माजवला होता. साधारण १ कोटी लोकसंख्येच्या देशात सुमारे १ लाख लोक हेरॉईनच्या आहारी गेले होते. जुलै २००१ पासून तिथे स्वतःपुरता, म्हणजे साधारण १० दिवसांना पुरेल इतका पदार्थ जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही. विक्री मात्र आजही गुन्हाच आहे. पकडलेल्या माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे जावं लागतं. त्याला व्यसन लागलंय का, उपचार हवेत का, हे ती समिती बघते. सोबत सरकारने उपचार केंद्रं, मेथाडोन आणि स्वच्छ सुया यांवर भरपूर खर्च केला. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे नवे रुग्ण पूर्वी वर्षाला हजाराच्या घरात सापडत, ते पुढच्या दोन दशकांत दोन आकडी संख्येवर आले.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२१ मध्ये यातला सोपा भाग तेवढा उचलला. नशेचा पदार्थ सापडला तर १०० डॉलर दंड, आणि हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले, दंडही बहुतेकांनी भरला नाही. उपचारांसाठी ठेवलेला पैसा केंद्रांपर्यंत पोहोचायला उशीर झाला आणि नेमक्या त्याच काळात फेंटानिल बाजारात पसरलं. लोक वैतागले. सप्टेंबर २०२४ पासून तिथे पदार्थ बाळगणं पुन्हा गुन्हा झालं. शिक्षा काढून टाकायला एक सही पुरते. उपचारांची सोय उभी करायला वर्षं लागतात.

दुकान उघडल्यावर काय होतं?

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजाची विक्री कायदेशीर केली. तीही मोकाट नव्हे. वयाची अट, सार्वजनिक ठिकाणी जास्तीत जास्त ३० ग्रॅम, साधं पाकीट, जाहिरातीवर कडक बंधनं, लहान मुलांना उघडता येणार नाही असं झाकण. फायदाही दिसला. किरकोळ गांजासाठी होणाऱ्या अटका खूप कमी झाल्या, आणि पाकिटात किती टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) आहे हे घेणाऱ्याला कळू लागलं.

वर्षभराने गांजा घातलेली चॉकलेटं आणि गोळ्या विकायला परवानगी मिळाली. ज्या प्रांतांत त्या आल्या, तिथे गांजाच्या विषबाधेमुळे दवाखान्यात भरती होणाऱ्या लहान मुलांचं प्रमाण आणखी वाढलं. घरात चॉकलेट दिसलं की मूल ते खाणारच. क्वेबेक प्रांताने अशी मिठाई विकूच दिली नाही आणि तिथली वाढ बरीच कमी राहिली. म्हणजे ‘कायदेशीर की बेकायदेशीर’ याच्याइतकंच ‘काय, कुणाला आणि कुठल्या रूपात विकता’ यालाही महत्त्व आहे.

थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण नियम करायचे राहून गेले. बघता बघता गल्लोगल्ली दुकानं झाली. जून २०२५ मध्ये सरकारला डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

आपल्याकडे

आपल्या देशात १९८५चा एनडीपीएस कायदा लागू आहे. गांजा आणि चरस त्यात येतात. नुसती पानं आणि बिया येत नाहीत, म्हणून भांग त्यातून सुटते (महाराष्ट्रात भांगेला दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, हे होळीला कुणाच्या लक्षात नसतं). हेरॉईन, कोकेन यांच्या सेवनाला एक वर्षापर्यंत आणि गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

आता दुकानांचा प्रश्न. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठल्या टपरीवर मिळतो हे शाळकरी मुलालाही माहीत असतं. दारू कायदेशीर आहे, तरी २०१५ मध्ये मालवणीत विषारी हातभट्टीने शंभरावर माणसं मेली, कारण गरिबाला दुकानातली दारू परवडत नव्हती. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३ कोटी आहेत. हा फरक निव्वळ कायद्यामुळे नाही, पण सहज मिळण्याचा त्यात मोठा वाटा आहे. जी यंत्रणा टपरीवरचा गुटखा थांबवू शकत नाही, ती १८ वर्षांखालच्या मुलाला गांजाच्या दुकानातून परत पाठवेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि एमडीचं, म्हणजे मेफेड्रोनचं काय? मुंबई-पुण्यात आज पालकांना खरी धास्ती याची आहे. जगातल्या कुठल्याही यशस्वी कायद्याने एमडी दुकानात ठेवलेली नाही. त्यामुळे ‘कॅनडा, कॅनडा’ करणाऱ्या मुलाला गांजा आणि एमडी एका तागडीत टाकू देऊ नका.

गांजा ‘नैसर्गिक’ आहे, पण…

गांजा घेणाऱ्या दहापैकी साधारण एकाला त्याचं व्यसन लागतं. किशोरवयात सुरू केलं तर सहापैकी एकाला. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. टीएचसीचं प्रमाण जास्त असलेला गांजा रोज घेणाऱ्या तरुणांत भास, संशय, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, हे आजार जास्त दिसतात. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर धोका आणखी वाढतो. पूर्वीच्या गांजात टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास असे, परदेशी दुकानांत आज २० टक्क्यांच्या पुढचा माल सर्रास मिळतो. आजोबा साधूंबरोबर चिलीम ओढत आणि ठणठणीत होते, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. आणखी एक: रोज गांजा घेणाऱ्याला वारंवार उलट्या होत असतील आणि गरम पाण्याने आंघोळ केली की बरं वाटत असेल, तर ते ‘पित्त’ समजू नका. डॉक्टरांना गांजाबद्दल स्पष्ट सांगा, नाहीतर एंडोस्कोपीपर्यंत सगळ्या तपासण्या होतात आणि कारण सापडत नाही.

घरच्यांनी काय करावं?

पोलिसांच्या भीतीने कुटुंबं दोन-दोन वर्षं गप्प बसतात. एनडीपीएस कायद्यातलंच कलम ६४अ त्यांना माहीत नसतं. सेवन किंवा अल्प प्रमाणात बाळगणं एवढाच आरोप असलेली व्यसनी व्यक्ती सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला गेली, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात, अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. तुमच्या प्रकरणात ते लागू होतं का, हे वकिलाला जरूर विचारा.

केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत आहेत. व्यसनमुक्ती केंद्र निवडताना मानसिक आरोग्य कायदा २०१७ खाली नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, आणि पेशंटला भेटू देतात का, हे तिन्ही विचारा. रुग्णाला साखळीने बांधायला त्या कायद्यात सक्त मनाई आहे.

हेरॉईन किंवा ब्राऊन शुगर घेणारा माणूस केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे असतात. शरीराची सवय मोडलेली असते, आणि पूर्वीचाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. म्हणून घरी सोडण्याआधीच ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध पुढे चालू ठेवायचं का आणि नॅलॉक्सोन कुठे मिळेल, हे तिथल्या डॉक्टरांना विचारून घ्या.