शस्त्रक्रियेचा कागद हाताशी असू द्या

वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या पेठेत दिवसभर गादीवर बसणाऱ्या आपल्या समाजाला स्थूलता आणि मधुमेह नवे नाहीत. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया नागपूर-मुंबईला करून येणारेही आहेत. मात्र ती गोष्ट झाकून ठेवण्याकडेच कल दिसतो. सोयऱ्याधायऱ्यांपासून झाकणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. डॉक्टरांपासून मात्र ती झाकू नये, आणि याचे एक मोठे कारण पित्तनलिकेत आहे.

वजन झपाट्याने उतरू लागले की पित्तात कोलेस्टेरॉल वाढते, पित्ताशयाचे आकुंचन मंदावते आणि खडे धरतात. एखादा खडा घरंगळून मुख्य पित्तनलिकेत अडकला, की उजव्या बरगडीखाली कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ. एरवी अशा वेळी तोंडावाटे दुर्बीण जठरातून लहान आतड्याच्या आरंभी, पित्तनलिकेच्या मुखाशी नेऊन खडा काढतात. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठर केवळ निमुळते केलेले असल्याने ही वाट शाबूत राहते. ‘बायपास’मध्ये अन्नाची वाटच वळविलेली असते, नेहमीची दुर्बीण तेथवर पोहोचत नाही. मग आतड्याची लांब दुर्बीण वापरावी लागते, किंवा पोटाला छिद्र पाडून, वगळलेल्या मूळ जठरातून वाट काढावी लागते. ही सोय सर्वत्र नसते. रात्री सेवाग्राम वा सावंगीला रुग्ण नेल्यावर ‘कोणती शस्त्रक्रिया झाली होती?’ याचे नेमके उत्तर नातलगांपाशी असेल, तर पुढची दिशा लवकर ठरते. म्हणून डिस्चार्ज कार्ड तिजोरीत नको, हाताशी हवे.

खडे टाळण्यासाठी पहिले सुमारे 6 महिने अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाची गोळी देतात. ‘अर्सस’ म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. हे द्रव्य प्रथम अस्वलाच्या पित्तात सापडले. आज ते बहुतांशी गुरांच्या पित्तातील आम्लापासून तयार होते. हे कळताच अहिंसाव्रती घरात गोळी गुपचूप बंद होण्याचा संभव असतो. तसे न करता शंका डॉक्टरांपुढे मांडावी. गोळी नकोच असेल तर सोनोग्राफीने पित्ताशयावर लक्ष ठेवता येते.

दीर्घ उपवासातही पित्त साचून दाट होते. बायपास झालेल्यांनी अठ्ठाई वा मासक्षमण धरण्यापूर्वी शल्यविशारदांना विचारावे, महाराजसाहेबांनाही कल्पना द्यावी. पच्चक्खाणात आगार आहेतच. आणि ऊनोदरी तर या मंडळींना जन्मभराची लाभली आहे. तपात असताना ताप वा कावीळ दिसली, तर पारण्याच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.